भिंतीतली जवारी

आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो रातकिड्याचाच वाटला. जुलैचा शेवट होता, बाहेर पावसाची झड लागली होती, आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात रातकिडे, गोगलगाई, मुंगळे घरचेच होऊन राहतात. रात्री साडेअकराला पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. दिवा न लावताच माठाकडे हात नेला आणि ओट्याच्या कोपऱ्यातून बारीक चुरचुर ऐकू आली. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की आटेपर्यंत करतो तशी. ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. रातकिडा असा अडखळत बोलत नाही, एकदा लागला की तंद्रीत लागून राहतो. मी डब्यांच्या मागे बघितलं, मिक्सर सरकवला, शेगडी उचलली. शेवटी ओट्यावर दोन्ही हात टेकले, डोळे मिटले आणि कान भिंतीजवळ नेला. आवाज सॉकेटातून येत होता. आठ दिवसांपूर्वी मी माझ्या हाताने बसवलेल्या, अजून पांढऱ्याशुभ्र असलेल्या सॉकेटातून.

ते बसवल्याचा आनंद अजून बोटांत होता. आधीचं सॉकेट सैल झालं होतं. आतल्या पितळी पट्ट्यांची पकड गेली की पिन नुसती टेकून राहते. चटणी वाटताना एका हाताने झाकण आणि दुसऱ्या हाताने पिन धरायची, असं वर्षभर चाललं होतं. बाजारातून १६ अँपिअरचं नवं सॉकेट आणलं. रविवारी दुपारी घर झोपलेलं असताना मेन बंद केला आणि बोर्डाचे स्क्रू काढले. बोर्डाचा दर्शनी भाग खणासारखा पुढे आला, मागून वायरींचा पसारा आला. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. मागून बघताना उजवं-डावं उलटतं, हे मनाशी दोनदा म्हटलं. लाल, काळी, हिरवी. काळ्या दोन होत्या, एक जाड आणि जुनी, एक नवी. जुनीचं टोक वाकवताना तुटलं. मी प्लास्टिक थोडं सोलून ते टोक दुसऱ्या काळीबरोबर भोकात सरकवलं आणि मनगट दुखेपर्यंत स्क्रू आवळला. मेन चालू केला, मिक्सर लावला. तो पहिल्याच झटक्यात घुमला, पिन जागची हलली नाही. मला फार बरं वाटलं होतं.

घरातली वीज ही बाईमाणसाने हात लावायची गोष्ट आहे, हे मला आईने शिकवलं. तेव्हा आमच्याकडे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. वीज गेली की शेजारी पुरुषमाणसांची वाट बघायचे; आई मेणबत्ती माझ्या हातात द्यायची, मेन खाली ओढायची आणि किटकॅट उपटून त्यात नवी तार भरायची. तार किती ताणायची, स्क्रूखाली ती किती वेढायची, यात तिचा हात पक्का होता. ती मुलींना गाणं शिकवायची. तानपुऱ्याची तार चढवणारी तीच बोटं फ्यूजची तार भरत. लहानपणी मला ही दोन कामं वेगळी वाटायचीच नाहीत. दोन्ही वेळेला ती श्वास धरून काम करायची आणि दोन्ही वेळेला म्हणायची, "उजेड नीट धर गं."

त्या रात्री मी सॉकेटाचं बटण बंद केलं आणि झोपायला गेले. म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. एकच्या सुमारास उठून पुन्हा ओट्याशी आले. बटण बंद, पिन काढलेली, सॉकेटाला काहीही जोडलेलं नाही. आणि भिंतीत चुरचुर चालू.

त्या क्षणी मला खरी भीती वाटली. बटण बंद केलं की वीज थांबते, या समजुतीवर आपलं रोजचं जगणं किती निर्धास्त उभं असतं! मी मेनपाशी गेले आणि स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडला. आवाज थांबला. फ्रिजही बंद झाला. अंधारात पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

एमसीबी स्वतःहून का पडला नाही, हा प्रश्न मी रात्रभर घोळवत होते. आता त्याचं उत्तर मला नीट कळलं आहे आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला वाटतं. एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडतो. गळती ओळखणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची वीज वाट चुकून जमिनीत गेली तरी पडतो. पण सैल जोडात यातलं काहीच होत नाही. प्रवाह ठरल्या वाटेनेच जातो, ठरला तेवढाच जातो. फक्त वाटेत एका जागी त्याला धड रस्ता मिळत नाही. तिथे तो अडतो, तापतो, ठिणगी टाकून पलीकडे उडी मारतो. पेटीतली ही दोन्ही यंत्रं त्या ठिणगीला आंधळी असतात. अशा वेळी घरात साक्षीदार तिघेच उरतात: कान, नाक आणि हाताचा तळवा.

सकाळी तळवा लावून पाहिला. सॉकेटाचा चेहरा कोमट होता, रात्रभर बंद राहूनही. खरं तर ते माझ्या मनातलं कोमटपण असेल. पण नाकाला मात्र काहीतरी लागलं, करपलेल्या प्लास्टिकचा तो विचित्र, सुक्या मासळीच्या जवळ जाणारा वास. आणि मला आठवलं की हा वास चार दिवसांपासून येत होता. मी ओट्याखालची नळी दोनदा धुतली होती.

गल्लीच्या टोकाला राहणारे अण्णा मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासूनचे आमचे वायरमन. चाळीस वर्षं वायरमनकी केली, आता गुडघ्यांमुळे शिडी चढत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "बटण बंद असताना बी आवाज येतोय?"

"हो."

"सारखा येतोय का राहून राहून?"

"राहून राहून."

"फ्रिज कुठनं घेतलाय?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. फ्रिज पलीकडच्या भिंतीला आहे, त्याचं सॉकेट वेगळं, बटण वेगळं. अण्णा म्हणाले, "बटण वेगळं आसंल. काळी वायर कुठनं गेलीया ती बघा की."

आणि मग ओट्यापाशी खुर्चीवर बसून त्यांनी मला माझंच घर समजावून सांगितलं. प्रत्येक पॉइंटला मेनपासून स्वतंत्र वायर येत नाही. एका सॉकेटापर्यंत वायर येते आणि तिथूनच पुढच्या सॉकेटाला निघते. याला लूप म्हणतात. बटण तोडतं ती फक्त लाल वायर, फेज. काळी वायर, न्यूट्रल, बटणाला न शिवता सरळ सॉकेटात येते आणि त्याच स्क्रूखालून पुढे फ्रिजकडे जाते. म्हणजे माझ्या सॉकेटाचं बटण बंद असलं तरी फ्रिजचा सगळा परतीचा प्रवाह त्या एका स्क्रूखालून जात होता. फ्रिज सुरू झाला की चुरचुर, फ्रिज थांबला की शांतता. रातकिडा अडखळत होता तो यामुळे. फ्रिजचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. आवाज सुरुवातीला मोठा आणि मग बारीक व्हायचा, त्याचंही कारण हेच.

"बटण बंद केलासा म्हंजे फेज बंद केलासा," अण्णा म्हणाले. "न्यूट्रल कुठं बंद हुतोय? लोकं काळ्या वायरला भीतच न्हाईत."

काळी वायर. तिला जुन्या घरात कुणी मोजत नाही. टेस्टर लावला तर तिच्यावर दिवा लागत नाही, म्हणून ती मेलेली समजतात. पण वीज जाते तेवढीच परत यावी लागते, आणि परत येण्याची वाट ती काळी वायर. ती मध्येच सुटली तर पुढच्या सॉकेटात काळीवरही टेस्टरचा दिवा लागतो, कारण फ्रिजच्या आतून आलेली फेज तिथे वाट बघत उभी राहते. म्हणून टेस्टरवर एकटा विश्वास ठेवायचा नसतो. आधी तो चालू ठिकाणी लावून तो जिवंत आहे ना ते पाहायचं, मग बंद केलेल्या ठिकाणी तिन्ही भोकांत लावायचा, मग पुन्हा एकदा चालू ठिकाणी. अण्णांनी हे माझ्याकडून तीनदा करून घेतलं. स्क्रूड्रायव्हरला हात लावायची घाई केली की ते नुसते "हां" म्हणायचे आणि मी थांबायचे.

बोर्ड पुढे ओढला. आठ दिवसांचं नवं सॉकेट. न्यूट्रलच्या स्क्रूभोवती पांढऱ्या प्लास्टिकवर चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी स्क्रू सैल केला. नवी काळी वायर जागेवर राहिली. जुनी मात्र, जिचं टोक तुटलं होतं ती, माझ्या चिमटीत आपोआप आली. तिला ओढावंसुद्धा लागलं नाही.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ नेली आणि मग माझ्या हातात दिली. मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली. सात तारांची जुनी वायर, त्यांच्या भाषेत सात बावीस. तांबं तांब्यासारखं नव्हतंच. काजळी धरल्यासारखं काळं, आणि जिथे प्लास्टिक सुरू होत होतं तिथे पितळेच्या देवावर चढतो तसा हिरवा थर. प्लास्टिकच्या कडेला स्क्रूच्या टोकाचा खळगा पडलेला होता, आणि त्या खळग्याच्या कडा वितळून गोल झालेल्या. माझा स्क्रू तांब्याला कमी आणि प्लास्टिकला जास्त चावला होता. टोक तुटल्यामुळे वायर आखूड झाली, आखूड झाली म्हणून मी ती कमी सोलली, कमी सोलली म्हणून प्लास्टिक स्क्रूखाली गेलं. मनगट दुखेपर्यंत मी आवळलं होतं ते प्लास्टिक. पहिल्या दिवशी त्या दाबाने तांबंही टेकलं असेल. मग दुपारी त्याच सॉकेटाला इंडक्शनची शेगडी लागली, जोड तापला, प्लास्टिक मऊ होऊन दबलं, आणि स्क्रू जागेवर असूनही पकड गेली. घरातल्या साध्या वायरीचं प्लास्टिक ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. या जोडाने ती मर्यादा कधीच ओलांडली होती.

शेगडी २००० वॅटची. २३० व्होल्टवर ती पावणेनऊ अँपिअर ओढते. समजा त्या वाईट जोडाचा रोध एका ओहमचा फक्त दहावा भाग असला, तरी तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते. तेवढ्या वॅटचा एलईडी दिवा आमची माजघराची खोली उजळतो. तीच शक्ती मोहरीएवढ्या जागेत, भिंतीच्या आत, रोज दुपारी तासभर. त्या वेळी आवाज तर याहून मोठा होत असणार. पण शेगडीचा पंखा, कुकरच्या शिट्ट्या, नळाचं पाणी यांत तो बुडून जायचा. मला ऐकू आला तो रात्रीचा, फ्रिजपुरता उरलेला, बारीक.

हा काळा-हिरवा थर कुठून आला ते विचारायची गरजच नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या तळमजल्यावर पाणी आलं, ओटा बुडाला, बोर्ड बुडाले आणि कित्येक दिवस बुडालेलेच राहिले. ओसरल्यावर गाळ काढताना मी सॉकेटांच्या भोकांतून हेअरपिनने चिखल काढल्याचं मला आठवतं. तेव्हा सगळ्या सांगलीला वायरमन हवा होता. अण्णांनी जमेल तेवढ्या वायरी नव्या ओढल्या. काही पाइप गाळाने असे भरले होते की त्यांतून वायर सरकेना. त्यांतल्या जुन्या वायरी तशाच राहिल्या. पुराचं पाणी सहजासहजी सोडून जात नाही. सात तारांच्या मधल्या फटींतून ते वातीत तेल चढावं तसं आत चढतं, आणि वरचं प्लास्टिक लाल-काळं, ठणठणीत दिसत असतानाही आतलं तांबं वर्षानुवर्षं खात राहतं.

इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी दोन वाटांनी जातं. पश्चिमेची वाट सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरते, तिथे वीज देते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेची वाट धरणाच्या दारांतून सुटते, कऱ्हाडला कृष्णेच्या कुशीत शिरते आणि मग आमच्याकडे येते. १९६० च्या दशकापासून हे असंच चालू आहे. एकाच जलाशयाची वीज आणि एकाच जलाशयाचं पाणी, दोन वेगळ्या दिशांना निघून, माझ्या ओट्यावरच्या त्या एका स्क्रूखाली भेटलेले. हातातली काळी पडलेली वायर बघताना मला हेच दिसत होतं.

आणि आवाज. अण्णा पक्कड शोधत होते तेव्हा मी त्या आवाजाचाच विचार करत होते, कारण तो मला ओळखीचा वाटला होता आणि ओळख कुठली ते कळत नव्हतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा ती ठिणगी विझते आणि पुन्हा पेटते. डीपीजवळून जाताना ट्रान्सफॉर्मर जो घूं करतो, त्याचीही कंपनं १००च. बाजाच्या पेटीवर तो स्वर शोधला तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच सापडते, किंचित चढी. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं विजेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी जनित्रं एकाच लयीत फिरतात. सबंध देशाचा एक खर्ज लागलेला आहे आणि तो आपल्याला ऐकू येऊ नये अशीच सगळी व्यवस्था आहे. तो ऐकू आला की समजावं, कुठेतरी काहीतरी सुटलं आहे.

ही कंपनं मोजायची हौस आमच्या गावाला जुनी. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा समोर ठेवून त्यांनी स्वरांची कंपनं मोजली; २२ श्रुतींवरचं त्यांचं पुस्तक १९१० सालचं. आई हे शिष्यांना अभिमानाने सांगायची. तिचा तानपुरा मिरजेचा, तिथल्या सतारमेकर गल्लीतला. २०१९ ला माझ्या यजमानांनी सगळ्यांत आधी माळ्यावर नेला तो तानपुरा. मग गॅसची टाकी, मग कागदपत्रं.

त्या आवाजाची ओळख मला तेव्हा पटली. तो तानपुऱ्याच्या जवारीचा होता.

तानपुऱ्याची तार घोडीवर नुसती टेकून सुटत नाही. घोडीच्या माथ्याला अगदी हलकी गोलाई दिलेली असते आणि तार त्या उतारावर जेमतेम घासत, टेकत-सुटत कंप पावते. ही जागा सापडावी म्हणून तारेखाली सुताचा एक दोरा घालतात आणि तो केसभर पुढे-मागे सरकवतात. दोरा चुकीच्या जागी असला तर तार मुकी वाजते, नुसता टणक आवाज येतो. जागा सापडली की तार खुलते, हीच जवारी. एका तारेतून स्वरांचा झरा सुटतो. ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी आत गातं आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांची स्थिर जागा असते ते उपस्वर उमटायला नकोत. तानपुऱ्यात आणि वीणेत मात्र तेही ऐकू येतात, आणि ही करामत घोडीची. आईला रामन माहीत नव्हते. तिला फक्त बोट माहीत होतं. ती तार छेडायची, मान तिरपी करायची, दोरा इतका कमी सरकवायची की मला तो सरकला हे दिसायचंही नाही, आणि मग म्हणायची, "हं, बोलली."

धातू कशाला तरी अर्धवट टेकलेला. एवढंच आहे दोन्हीकडे. एके ठिकाणी त्या अर्धवट टेकण्यासाठी मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या घोडी घासत बसतात, आणि आईसारखी बाई शिष्य येण्याआधी अर्धा तास दोऱ्याशी खेळत बसते. दुसऱ्या ठिकाणी तेच अर्धवट टेकणं घराला आग लावू शकतं. मी त्या रात्री अंधारात डोळे मिटून, कान भिंतीला लावून ऐकलं ते आईच्याच सवयीने. मान तिरपी झाली होती, हे मला नंतर आठवलं. त्या कानाने मला वाचवलं असं मी म्हणेन, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही. ज्या घरात कुणी कधी बारीक ऐकायला शिकलेलंच नाही, त्या घरातल्या भिंती काय काय बोलत असतील, आणि ऐकणारं कोण असेल?

अण्णांनी पक्कड माझ्याकडेच दिली. "तुम्हीच लावलंय, तुम्हीच काढा." जुनी काळी वायर मी अर्धा इंच छाटली. आत अजून काळंच तांबं. आणखी छाटली. तिसऱ्या वेळी पकडीच्या तोंडाशी तांबं चमकलं, नव्या पैशासारखं गुलाबी. पण आता ती इतकी आखूड झाली की सॉकेटापर्यंत पोचेना. ताणून बसवायचा मोह होतोच. अण्णांनी खिशातून चिनी मातीचा कनेक्टर काढला. भिंतीतून आलेली काळी, फ्रिजकडे जाणारी काळी, आणि सॉकेटासाठी नव्या वायरीचा वीतभर तुकडा, अशा तिघी त्यात जोडायच्या. म्हणजे फ्रिजचा प्रवाह पुन्हा कधी सॉकेटाच्या स्क्रूवर अवलंबून राहणार नाही. सोलायचं ते बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतकं, एकही तार न कापता. कापली गेलेली तार म्हणजे तेवढा रस्ता अरुंद. मग तारांना पीळ द्यायचा, आत सरकवायचं, प्लास्टिक कनेक्टरच्या तोंडाशी थांबलं आहे ना ते बघायचं, आणि मग स्क्रू.

"आता वढून बघा."

मी हलकेच ओढली.

"आसं न्हवं. सुटावी म्हणून वढा. सुटायची आसंल तर आत्ता सुटू दे."

मी खरोखर ओढली. पहिली राहिली. दुसरी राहिली. वीतभराच्या तुकड्याचं सॉकेटाकडचं टोक निसटून हातात आलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांना ते अगदी नीट दिसत होतं, स्क्रू पूर्ण आवळलेला होता, फक्त एक तार दुमडून आडवी बसली होती. पुन्हा सोललं, पुन्हा पीळ दिला, पुन्हा बसवलं, आणि बोर्ड हलेपर्यंत ओढलं. आठ दिवसांपूर्वी मी हे केलं असतं तर? ओढून बघायला मी घाबरले होते. बसवलेलं मोडेल म्हणून. तपकिरी डाग पडलेलं सॉकेट टाकून दिलं, दुसरं आणलं. एकदा तापून गेलेल्या जोडावर पुन्हा विश्वास ठेवायचा नसतो, असं अण्णांचं म्हणणं, आणि ते मला पटतं.

निघताना ते दारात थांबले. सॉकेट, बटण, फ्यूज जसंच्या तसं बदलायला घरच्याला मुभा आहे, १९५६ च्या विद्युत नियमांतच तशी सोय होती, असं त्यांनी सांगितलं. पण वायर नवी ओढायची, पॉइंट वाढवायचा, तर परवान्याचा माणूस. "ही काळी वायर भिंतीतच मेलीया. दिवाळीच्या आधी पाइप फोडून नवी वढून घ्या. मी माणूस देतो." मग जिन्याच्या भिंतीकडे बघितलं. तिथे आम्ही २०१९ च्या पाण्याची रेघ निळ्या रंगाने जपून ठेवली आहे, माझ्या खांद्याच्या जरा वर.

"ह्या रेघंखाली किती पॉइंट हाईत?"

मला सांगता येईना.

रात्री साडेअकराला मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. फ्रिज गप्प होता. मी त्याचं दार उघडून तसंच धरून ठेवलं, आतली थंडी पायांवर उतरत राहिली, आणि काही मिनिटांनी पंप सुरू झाला. दार लावून मी ओट्याशी आले, कान भिंतीला लावला. चुना जरा ओलसर लागला. आत काही नव्हतं. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं, आणि लांब कुठेतरी, बहुतेक देवळाच्या मागच्या झाडीत, एक खरा रातकिडा न थांबता लागला होता.

मग मी माजघरात गेले. खाली वाकून, दिवाणाच्या मागच्या सॉकेटाला कान लावला. तिथून जिन्याखाली. तिथून पडवीत. निळ्या रेघेच्या खाली अकरा पॉइंट निघाले. नऊ गप्प होते. दोघांपाशी मी बराच वेळ थांबले, मान तिरपी करून, आणि तरी नक्की सांगता येईना. त्या दोघांवर पेन्सिलीने बारीक खूण केली आणि त्यांचा एमसीबी खाली पाडला.